तिसरा छाप

बुधवारी दुपारी दोन ते चार
छापचित्रांची खोली उघडी असते.
पेन नाही, पेन्सिल चालेल. ओला कोट बाहेर.
आउके विअर्डा हात धुऊन येतो,
न सांगता दोन्ही बाजूंनी दाखवतो मला,
पानावर बसणाऱ्या पोरासारखा.

ओस्टरझाइलच्या बंधाऱ्यावर बत्तीस वर्षं काढली त्यानं.
भरती आली की दारं लावायची,
ओहोटीला उघडायची,
आणि दर वेळी वहीत पाण्याची उंची.
आता ती दारं वीज लावते.

मी पेटीतून कागद काढते.
तळहाताएवढा. त्यात बंधारा,
कलंडलेली होडी, चर्चचा मनोरा,
आकाशाला सुईचे अवघे नऊ फरकाटे,
आणि तेवढ्यात वारा सुटलेला.

"मनोरा चुकलाय," तो पहिल्याच दिवशी म्हणाला.
"समुद्राकडे तोंड केलं की तो डावीकडे.
मला विचारा."
मी सांगितलं, तांब्यावर बरोबरच असणार तो.
पत्र्यावर कागद पालथा पडतो,
उचलला की डाव्याचं उजवं झालेलं असतं.
त्यानं ऐकून घेतलं, जसं पाहुण्याचं ऐकतात.

पुढच्या बुधवारी खिशातून दाढीचा आरसा.
छापाशेजारी उभा धरला,
आणि मनोरा आपल्या जागी जाऊन बसला.
"हं. आता भरती कुठून येते ते कळतंय."
कोपऱ्यातली दोन अक्षरंही आरशात सुलटी झाली.
नाव उलटं कोरायचं विसरलेला कुणीतरी,
नवशिका,
नाहीतर बोटं गारठलेली.

मग आम्ही रेघांवर आलो.
आम्लात जास्त वेळ बुडालेली रेघ काळी, खोल;
लवकर बाहेर काढलेली, केसासारखी.
"लवकर म्हणजे किती मिनिटं?"
मला माहीत नव्हतं.
असं कसं माहीत नाही, असं तो बोलला नाही,
घड्याळाकडे मात्र बघितलं.

आज मी दोन कागद शेजारी ठेवलेत.
डावीकडे पहिला छाप:
दारावर एक माणूस उभा, टोपी, जाड बूट,
रहाटाच्या दांड्यावर हात.
उजवीकडे तिसरा, आपला नेहमीचा:
माणूस नाही.
तांबं खरवडून, मागून ठोकून, घोटून घोटून
त्याला तिथून काढलाय.
का, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.
त्याच्या जागी नुसता उजेड,
बाकीच्या उजेडाहून किंचित मळका.

आउके भिंग घेऊन वाकतो.
हीटरची नळी टकटक करते.
बाहेर सायकलींच्या सीटवर पाऊस साचतोय.
इतका वेळ तो हलत नाही
की मला वाटतं डोळा लागला.

"खाली आहे अजून," तो म्हणतो.

भिंग माझ्याकडे येतं.
दोन खांबांच्या मधे, पाण्यावर,
आडव्या तुटक रेघा, मोजल्या तर आठ.
टोपी खाली, बूट वर.
वरचा माणूस पुसताना
खालचा पुसायचा राहिला.

अकरा वर्षं मी या खोलीत आहे.
हा कागद उजेडासमोर धरून पाहिलाय मी,
जलचिन्ह शोधलंय, कडा मोजल्यात,
वाळवीनं केलेलं टाचणीएवढं भोक नोंदवलंय.
कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलंय:
मनुष्याकृती नाही.

त्याला विचारावंसं वाटतं,
तुम्हाला कसं दिसलं?
पण तो आधीच बोलतोय, छापाशी बोलावं तसं:
"रात्रपाळीला वर कोण बघतो.
बघायचं असतं ते खाली."

मी ती ओळ खोडते,
खोडलेली वाचता येईल इतपतच.
तो पेन्सिल मागतो.
स्वतःची वही काढतो, जुनी, चौकटींची,
तारीख लिहितो, वेळ लिहितो,
आणि खांबावरच्या ओल्या खुणेवर डोळा ठेवून,
मनाशी हिशेब करत,
पाण्याची उंची.

चार वाजतात.
कोट अजून ओलाच आहे.